शेरच्या गळ्यातली पेटी: ऑटो-ट्यून नेमकं करतं काय?

टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम लागला की आमच्या घरात एक वाद ठरलेला. आत्या म्हणते, "पोरगी गाते चांगली, पण आवाज असा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा का येतोय?" भाची मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगते, "ऑटो-ट्यून आहे, आजी." त्यावर भावजींचं मत तयारच असतं: "छे, हल्ली सगळं एआय असतं." मग जाहिराती लागतात आणि विषय चहावर जातो.

हा गोंधळ फक्त आमच्या घरातला नाही. एआयने केलेल्या आवाजाच्या नकलांविरुद्ध २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दोघांनाही अंतरिम संरक्षण दिलं. त्या बातम्या वाचल्यापासून जरा यंत्राळलेला आवाज कानी आला की आपण तो एआयच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. ऑटो-ट्यूनचं, म्हणजे गाणाऱ्याचा चुकलेला सूर जागेवर आणणाऱ्या सॉफ्टवेअरचं खातं मात्र वेगळं आहे आणि बरंच जुनं. ते जगाच्या कानावर पडलं ऑक्टोबर १९९८ मध्ये, एका नाचाच्या गाण्यातून. त्या गाण्याची गोष्ट नीट कळली की यंत्राचं काम समजतं. आणि पेटीवर सा-रे-ग-म शिकलेल्या मराठी माणसाला ते इतरांपेक्षा लवकर समजेल, असं मला वाटतं.

## मुखडा चांगला, अंतरा पडेल

शेर ही अमेरिकी गायिका आणि अभिनेत्री. (नावाचा उच्चार असाच. वाघ-सिंहांशी संबंध नाही.) जन्म १९४६ चा. १९६५ मध्ये जोडीदार सनी बोनोबरोबर तिने अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला, सत्तरच्या दशकात एकटीने गाठला आणि १९८८ मध्ये अभिनयाचं ऑस्करही घेतलं. पण १९९८ उजाडलं तेव्हा ती बावन्नाव्या वर्षाकडे निघाली होती. पॉप संगीताच्या धंद्यात बाईसाठी हे वय म्हणजे जुनी गाणी एकत्र करून विकायचं वय. त्याच जानेवारीत सनी बोनो बर्फावर स्कीइंग करताना झाडावर आदळून गेला. घटस्फोटाला वीसहून अधिक वर्षं झाली होती, तरी अंत्यविधीत शेर त्याच्याबद्दल बोलायला उभी राहिली आणि बोलताना रडली.

वॉर्नर कंपनीच्या लंडनच्या कचेरीला तिच्याकडून नाचाच्या गाण्यांचा अल्बम हवा होता. त्यासाठी जे गाणं निवडलं ते बरीच वर्षं या हातातून त्या हातात फिरत होतं. मुखडा ऐकणाऱ्याला आवडायचा, अंतरा कोणालाच आवडायचा नाही. शेवटी ते गाणं पुरं झालं तेव्हा गीतकार-संगीतकार म्हणून सहा जणांची नावं लागली. आपल्याकडे सहा जणांत एक गणपतीची आरतीसुद्धा एका सुरात होत नाही, पण तिथे हे जमलं. गाण्याचं नाव ‘बिलीव्ह’, म्हणजे विश्वास ठेव. निर्माते मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग.

इथे निर्माता म्हणजे पैसे घालणारा शेठ नव्हे. ध्वनिमुद्रणात निर्माता हा संगीत संयोजक, तंत्रज्ञ आणि शिकवणीचे मास्तर यांचं मिश्रण असतो. टेलर शेरला अंतरा पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होता. आणखी चांगलं हवं, आणखी चांगलं. शेवटी ती भडकली: याहून चांगलं हवं असेल तर दुसरी गायिका बघ. आणि निघून गेली. पुढे टेलर एकटा संगणकासमोर बसला आणि नुकत्याच आलेल्या एका सॉफ्टवेअरशी खेळू लागला.

बाकीच्या गाण्यात हाडामांसाचं फारसं काही नव्हतंच. इलेक्ट्रॉनिक पॉप म्हणजे ठेका ड्रम मशीनचा, बाकीचे सूर सिंथेसायझरचे आणि सगळं संगणकावर एकमेकांना जोडलेलं. अशा गाण्यात माणूस असतो तो फक्त गळ्यात. टेलरने नेमका तिथेच हात घातला.

दुसऱ्या दिवशी तिला ते ऐकवताना तो घाबरलेला होता, असं त्यानेच सांगितलंय. शेरला ते बेहद्द आवडलं. कंपनीला आवडलं नाही. आवाज ओळखू येत नाही, तेवढा भाग काढून टाका, असं सुचवण्यात आलं. त्यासाठी आधी माझा मुडदा पडावा लागेल, अशा अर्थाचं उत्तर शेरने दिलं आणि प्रश्न मिटला.

## सिंगल म्हणजे काय आणि पहिला क्रमांक कसा मिळतो?

अल्बम म्हणजे पूर्ण थाळी. सिंगल म्हणजे त्यातली एकच वाटी, वेगळी विकायला ठेवलेली. तेव्हा ती सीडी किंवा कॅसेटवर मिळायची आणि सोबत त्याच गाण्याची दोन-तीन रूपं असायची, ज्यांना रीमिक्स म्हणतात: तोच आवाज, पण ठेका आणि साज बदललेला, क्लबात जास्त वेळ नाचता यावं म्हणून लांबवलेला.

यादीतला क्रमांक म्हणजे चार्ट. तो प्रत्येक देशात वेगळ्या हिशोबाने लागतो, हे आपल्याला सहसा ठाऊक नसतं. ब्रिटनमध्ये त्या काळी फक्त दुकानातली विक्री मोजत. गाणं आधी काही आठवडे रेडिओवर वाजवून लोकांना तहान लावायची आणि मगच सीडी दुकानात आणायची, ही तिथली रीत. त्यामुळे चाललेलं गाणं पहिल्याच आठवड्यात थेट वर दिसायचं. ‘बिलीव्ह’ पहिल्या क्रमांकावरच दाखल झालं आणि सात आठवडे तिथून हललं नाही. अमेरिकेत विक्रीबरोबर रेडिओवर किती वाजतं तेही धरत. रेडिओ केंद्रं शेकडो, ती हळूहळू वळतात. त्यामुळे तेच गाणं डिसेंबरात शंभरांच्या यादीत तळाला, ९९ व्या जागी शिरलं आणि १३ मार्च १९९९ च्या यादीत माथ्यावर पोचलं. तिथे चार आठवडे टिकलं. वर्षअखेरीच्या बेरजेत ते अमेरिकेतलं १९९९ चं सर्वांत मोठं गाणं ठरलं.

शेरचा अमेरिकेतला आधीचा पहिला क्रमांक १९७४ चा. मधे २५ वर्षं. एकट्याने गाणाऱ्या बायकांमध्ये तोवर इतक्या वयाची कोणीच त्या जागी पोचली नव्हती. ब्रिटनमध्ये या सिंगलच्या १८ लाखांहून अधिक प्रती गेल्या. तिथे कुठल्याही गायिकेचं एवढं खपलेलं दुसरं सिंगल नाही. २००० साली सर्वोत्तम नृत्य ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतलं संगीताचं मोठं पारितोषिकही मिळालं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. केबलवरच्या संगीत वाहिनीवर हे गाणं लागलं आणि पहिल्या कडव्यात आवाज मधेच लचकला, तेव्हा माझी खात्री पटली की आमच्या केबलवाल्याची तार सैल झाली आहे. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हाही त्याच शब्दावर लचकला. तारेला एवढी शिस्त नसते.

## सूर हा एक आकडा असतो

आता यंत्राकडे. गळ्यातून सूर निघतो तेव्हा हवेत कंप निर्माण होतात. सेकंदाला किती कंप, तो त्या सुराचा आकडा. पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबली की सेकंदाला साधारण ४४० कंप होतात. तिच्या लगेच पुढची काळी पाच ४६६ च्या आसपास. आकडा दुप्पट झाला, ८८० झाला, की आपण वरच्या सप्तकातल्या पांढऱ्या सहावर पोचलो.

पेटीवर ४४० आणि ४६६ यांच्या मधे काहीच नाही. पट्टी संपते, दुसरी सुरू होते. माणसाच्या गळ्याला मात्र ४४७ ही म्हणता येतं, ४५३ ही. शिकवणीतल्या बाई "जरा चढलास, खाली ये" म्हणायच्या, तेव्हा आपण या मधल्या गल्लीत भटकत असायचो.

ऑटो-ट्यून एवढंच करतं: गाणाऱ्याचा आकडा मोजतं, जवळची पट्टी कोणती ते बघतं आणि आवाज तिथे नेऊन ठेवतं. तुम्ही ४५० म्हणालात तर ४४० जवळ, म्हणून खाली ओढणार. ४६० म्हणालात तर वर ढकलणार. शब्द, उच्चार, आवाजाची जात या सगळ्याला जमेल तितका कमी धक्का लावून.

सांगायला सोपं, करायला अवघड. जुन्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की लताबाईंचा आवाज भसाडा व्हायचा, आठवतं? फीत हळू फिरली की सूर उतरतो, पण गाणंही रेंगाळतं. सूर बदलायचा आणि वेळ मात्र तेवढाच ठेवायचा, तर आवाजाच्या लहरीतली बारीक बारीक आवर्तनं कुठे गाळावी लागतात, कुठे दोनदा घालावी लागतात. आणि त्याआधी मुळात सूर अचूक मोजावा लागतो, तोही गाणं चालू असताना.

## तेल शोधणाऱ्याने सूर शोधला

हे जमवलं अँडी हिल्डब्रँड नावाच्या अमेरिकी अभियंत्याने. तो तरुणपणी बासरी वाजवायचा. पोट भरायचा मात्र तेल कंपन्यांसाठी गणित करून. जमिनीखाली तेल कुठे आहे हे शोधायला वर स्फोट करतात, त्याचा हादरा खाली जातो, खडकांच्या थरांवरून परत येतो आणि वर ठेवलेली यंत्रं तो टिपतात. त्या गिचमिड नोंदीतून थरांचा नकाशा काढायचा, हे त्याचं काम. त्यात त्याने कंपनी काढली, बक्कळ पैसे मिळवले आणि मग सगळं सोडून पुन्हा विद्यापीठात संगीतरचना शिकायला बसला.

त्याने सांगितलेली गोष्ट अशी की एका व्यावसायिक मेळाव्यात जेवणाच्या टेबलावर कोणाच्या तरी बायकोने थट्टेने म्हटलं, मला सुरात गायला लावणारी पेटी बनव ना. टेबलावर कोणी हसलं नाही. काही महिन्यांनी त्याला वाटलं, हे तर करता येईल.

त्याने वापरलेल्या गणिताला ऑटोकोरिलेशन म्हणतात. हा शब्द आता विसरून जा आणि पैठणीचा काठ डोळ्यांसमोर आणा. काठावर मोर, मग वेल, पुन्हा मोर, पुन्हा वेल. एक नक्षी किती इंचांची आहे हे मोजायचंय, पण काठ थोडा चुरगळलाय आणि नक्षी कुठे सुरू होते ते दिसत नाही. तर त्याच काठाची एक नक्कल घ्या, मूळ काठावर ठेवा आणि हळूहळू सरकवत न्या. एका क्षणी मोरावर मोर बसतो. जेवढं सरकवलंत, तेवढी नक्षीची लांबी. आवाजाची लहरही अशीच स्वतःवर ठेवून सरकवायची. नक्षीवर नक्षी बसली की एका कंपाची लांबी कळली आणि त्यावरून सूर कळला.

अडचण एकच. ही सरकवासरकवी करायला अफाट गुणाकार-बेरजा लागतात आणि तेव्हाच्या संगणकाला चालू गाण्यात तेवढी उसंत नव्हती. आधी केलेलीच आकडेमोड पुन्हा पुन्हा होत होती, ती वगळून हिल्डब्रँडने लाखोंचं काम मूठभर पायऱ्यांवर आणलं. १९९७ मध्ये त्याच्या अँटारेस कंपनीने ऑटो-ट्यून बाजारात आणलं. स्टुडिओवाल्यांनी ते हातोहात उचललं, कारण गायकाला पुन्हा बोलावून तीच ओळ चाळीसदा गाऊन घेण्यापेक्षा हे स्वस्त होतं.

## काटा शून्यावर

सगळी गंमत आहे ती त्या सॉफ्टवेअरमधल्या एका काट्यात. सूर चुकल्यावर यंत्राने तो किती लवकर सुधारायचा, ते या काट्याने ठरतं. तो सैल ठेवला तर यंत्र समजूतदार मास्तरासारखं वागतं. गायक एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधे घसरतो, थरथरतो, त्याकडे काणाडोळा करतं आणि सूर ठरल्यावर अलगद जागेवर सरकवतं. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. घट्ट केला तर मास्तर छडी घेऊन उभा. आणि शून्यावर नेला तर उशीर म्हणून नाहीच. गळा मधल्या गल्लीत पाऊल टाकतो न टाकतो तोच उचलून पट्टीवर.

असा शून्य कोणी शहाणा माणूस वापरेल असं हिल्डब्रँडला वाटलं नव्हतं. काटा आहे तर तो टोकापर्यंत जाऊ द्यावा, म्हणून ठेवला होता. टेलरने नेमका तोच वापरला.

इथे इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ‘यंत्रमानवासारखा आवाज’ एवढंच म्हणून थांबावं लागतं. आपल्याकडे अधिक नेमका शब्द आहे: मींड गेली. माणूस एका सुरावरून दुसऱ्यावर उतारावरून गेल्यासारखा जातो, मधला सगळा रस्ता तुडवत. कितीही भरभर गायला तरी उतार असतोच. काट्याच्या शून्याने त्या उताराच्या पायऱ्या केल्या. आवाज शेरचा, श्वास शेरचा, शब्द शेरचे, फक्त सुरांमधलं चालणं पेटीचं. मानवी गळा आणि पेटीची पट्टी यांचा असा कलम त्याआधी बहुतेकांनी ऐकलेला नव्हता. यंत्राने आवाजात काही भर घातली, असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याने आवाजातलं काहीतरी काढून घेतलं होतं.

## चोरांनी दिलेली खोटी साक्ष

गाणं गाजल्यावर ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातला प्रत्येक जण विचारू लागला, हे केलंत कसं? फेब्रुवारी १९९९ च्या ‘साउंड ऑन साउंड’ या ब्रिटिश मासिकात टेलर आणि रॉलिंग यांची सविस्तर कहाणी छापून आली. त्यात टेलरने सांगितलं की हा व्होकोडरचा परिणाम आहे. कुठल्या कंपनीचं उपकरण, तेही सांगितलं. वाचकांनी विश्वास ठेवला. गाण्याचं नावच तसं होतं.

व्होकोडर ही फार जुनी वस्तू. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत होमर डडली याने ती टेलिफोनच्या तारेवर जास्त बोलणी मावावीत म्हणून शोधली आणि दुसऱ्या महायुद्धात तिचा उपयोग गुप्त संभाषणासाठी झाला. तिची रीत अशी की सूर सिंथेसायझरचा आणि त्याला तोंडाचा आकार तुमच्या बोलण्याचा. म्हणजे कणीक यंत्राची, साचा माणसाचा. ऑटो-ट्यूनमध्ये कणीक माणसाचीच असते, फक्त ती पट्टीला लावून कापलेली. कान देऊन ऐकलं तर फरक कळतो. व्होकोडरमधून माणूस ओळखू येत नाही. ‘बिलीव्ह’मध्ये शेर पहिल्या शब्दापासून शेरच आहे.

निर्मात्यांना आपली युक्ती धंद्यातल्या इतरांपासून दडवायची होती, हे नंतर उघड झालं. घरगुती मसाल्याचं प्रमाण विचारल्यावर आमच्या शेजारच्या काकू एक जिन्नस हमखास वगळून सांगतात, तसलाच प्रकार. पुढे या युक्तीला ‘शेर इफेक्ट’ असंच नाव पडलं.

## म्हणजे शेरला गाता येत नव्हतं?

हा प्रश्न येणारच. उत्तर त्याच गाण्यात आहे. शून्याचा तो परिणाम अंतऱ्यातल्या मोजक्या शब्दांवर ठळक आहे. मुखडा येतो तेव्हा तिचा दणदणीत, खर्जाकडे झुकलेला आवाज मोकळा सुटतो. गाता येत नसतं तर झाकपाक मुखड्याला लागली असती. त्याआधी तीसहून अधिक वर्षं ती रंगमंचावर वाद्यवृंदासमोर गात होती, तेव्हा हे सॉफ्टवेअर जन्मालाही आलं नव्हतं.

आणखी एक. बेसूर माणसाला ऑटो-ट्यून गायक करत नाही. लय चुकली, दम पुरला नाही, शब्द बोथट पडला, तर काटा कुठेही न्या, ते तसंच राहतं. आणि सूर इतका भरकटला की तो शेजारच्या पट्टीच्या जास्त जवळ गेला, तर यंत्र प्रामाणिकपणे त्याला चुकीच्या पट्टीवर नेऊन पक्कं करतं. म्हणजे चूक होती तिथेच, आता मात्र ठाम.

## पण ही फसवणूकच ना?

दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक, चेहऱ्यावरचा डाग दिसू नये म्हणून लावलेली पावडर. दुसरी, दशावतारातल्या संकासुराचं काळं सोंग. पावडर लावणाऱ्याला वाटतं कोणाला कळू नये. संकासुराला वाटतं शेवटच्या रांगेतल्या पोरालाही दिसावं. शेरचं गाणं दुसऱ्या जातीचं आहे. तिथे लपवण्यासारखं काही नव्हतंच, उलट मिरवायचं होतं.

फसवणुकीचा प्रश्न खरा आहे तो पावडरीबाबत, काटा सैल ठेवून केलेल्या गुपचूप सुधारणेबाबत. आणि इथे माझं मत थोडं सावध आहे. स्टुडिओत एकच ओळ दहादा गाऊन त्यातले चांगले तुकडे जोडण्याची पद्धत ऑटो-ट्यूनच्या कितीतरी आधीची. टेपला ब्लेडने कापून चिकटवत तेव्हापासूनची. ध्वनिमुद्रण म्हणजे मैफल नव्हे, हे मान्य केलं की बराच राग निवतो. माझी तक्रार आहे ती स्पर्धेबद्दल. जिथे सुरेलपणालाच गुण आहेत तिथे यंत्राने सूर लावून दिला तर ती पोहण्याच्या शर्यतीत कमरेला भोपळा बांधल्यासारखी गोष्ट झाली. आत्याचा प्रश्न म्हणून योग्य आहे.

## लोक चिडले, पण दहा वर्षांनी

‘बिलीव्ह’वर त्या वेळी फार गहजब झाला नाही. एका गाण्यातली एक गंमत, म्हणून लोकांनी ती घेतली. भडका उडाला तो युक्तीची सवय झाल्यावर. २००५ पासून अमेरिकी गायक टी-पेन याने शून्याचा काटा हीच आपली ओळख केली. २००८ मध्ये अमेरिकी रॅपर कान्ये वेस्टने त्यावर अख्खा अल्बम बेतला. २००९ मध्ये दुसरा रॅपर जे-झी याने ऑटो-ट्यूनच्या मरणाची घोषणा करणारं गाणं काढलं. त्याच वर्षी ग्रॅमी सोहळ्याला एका अमेरिकी रॉक बँडची मंडळी निषेधाच्या निळ्या फिती लावून आली. २०१० मध्ये ‘टाइम’ मासिकाने जगातल्या सर्वांत वाईट ५० शोधांच्या यादीत ऑटो-ट्यूनला बसवलं.

टी-पेनने २०२१ मध्ये एका माहितीपटात सांगितलं की अशर या त्याच्या आवडत्या गायकाने विमानप्रवासात त्याला बाजूला बोलावून म्हटलं होतं, तू खऱ्या गायकांसाठी संगीताची वाट लावलीस. त्यानंतर तो काही वर्षं नैराश्यात होता. आणि गंमत बघा, २०१४ मध्ये तो एका रेडिओच्या कचेरीतल्या छोट्या मैफलीत यंत्राशिवाय गायला, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. पठ्ठ्या उत्तम सुरेल होता.

हिल्डब्रँडचा बचाव साधा असायचा. मी गाडी बनवली, ती रस्त्याच्या चुकीच्या बाजूने मी चालवत नाही, अशा धर्तीचा. ज्या ग्रॅमीला निळ्या फिती लागल्या होत्या, त्याच ग्रॅमीने २०२३ मध्ये त्याला तांत्रिक कामगिरीचा सन्मान दिला.

## मग एआय कुठे वेगळं?

ऑटो-ट्यूनला गाणारा लागतो. कोणी गायलंच नाही तर त्याच्याकडे सुधारायला काही नसतं. तो शिंपी आहे, कापड तुम्ही आणायचं. एआयचा आवाज-नकल्या तुमचे जुने कपडे बघून कापडासकट नवा अंगरखा विणतो आणि त्यावर तुमचं नाव टाकतो. म्हणून अरिजित सिंग आणि आशाबाईंची तक्रार सुरेल-बेसूर अशी नव्हतीच. माझा आवाज ही माझी ओळख आहे, ती माझ्या परवानगीवाचून वापरू नका, अशी ती होती. शेरच्या बाबतीत परवानगी देणारी, हट्ट धरणारी, कंपनीशी भांडणारी शेर स्वतःच होती.

## आपल्या गाण्याला हे मानवेल?

हा वाद आपण एकदा घालून बसलोय, यंत्र तेवढं वेगळं होतं. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. कारणं ऐका: तिला मींड येत नाही, श्रुती (पट्ट्यांच्या मधले बारीक सूर) येत नाहीत, तिचे बारा सूर ठोकून बसवलेले, त्याने गाणाऱ्याचा कान बिघडतो. ऑटो-ट्यूनवरचं आजचं कुठलंही टीकात्मक लिखाण काढा, शब्द जवळपास हेच. बंदी तीन दशकं टिकली, १९७१ च्या सुमारास सैल झाली. दरम्यान महाराष्ट्रात पेटी कुठेच गेली नव्हती. भजनात होती, तमाशात होती, नाटकाच्या पिटात होती. गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवादकांनी तर त्याआधीच दाखवून दिलं होतं की पट्ट्यांच्या मधे जागा नसली तरी भाता आणि बोटं यांच्या संगनमताने कानाला मिंडेचा भास देता येतो.

म्हणून ‘आपल्या संगीतात हे चालणार नाही’ असं कोणी छातीठोकपणे म्हणालं की मी जरा थांबतो. अल्जीरिया आणि मोरोक्को इथल्या गायकीत आपल्यासारखीच गळ्याची वळणं, हरकती असतात. तिथल्या लोकप्रिय गायकांनी ऑटो-ट्यून लाजत-लपवत नाही, चांगलं घसघशीत वापरलं. कारण सरळ आहे. सपाट गाणाऱ्याच्या आवाजात यंत्राला तोडायला फारसं काही सापडत नाही. गळा जितका फिरता, तितक्या पायऱ्या जास्त आणि तितकी चकाकी जास्त.

गणपतीच्या सुट्टीत भाचीने मोबाइलवर अशा जातीचं एक फुकटचं ॲप उतरवून दिलं आणि काटा शून्यावर नेला. मी आधी भूप म्हटला. पाचच सूर, सगळे स्वच्छ लागले, माझ्या आयुष्यात कधी लागले नाहीत इतके. मग यमनातली एक मींड घेतली तर जिन्यावरून वाटी गडगडत गेल्यासारखी खणखणत उतरली. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने लहानपणी गाणं शिकलंय. म्हणाली, दरबारी घे, गंधार. तो गंधार एका जागी थांबत नाही, कोमलाच्याही खाली जाऊन झुलतो. मी जमेल तसा झुलवला. यंत्राला तो कोणत्या पट्टीवर ठेवावा तेच ठरवता येईना. खालची, वरची, पुन्हा खालची असं करत त्याने माझ्या दरबारीची चिमणी करून टाकली. आत्याने मोबाइल हातात घेतला, पदराने पुसला आणि म्हणाली, "सरक. मी म्हणते."